वत्सला फुटली: एक शुद्धिपत्र

खोक्यात तीनशे प्रती होत्या. मी दोनदा मोजल्या. पहिल्यांदा दोनशे नव्व्याण्णव भरल्या, दुसऱ्यांदा तीनशे. राहिलेली एक माझ्याच मांडीवर होती. प्रत्येक प्रतीत एकशे ब्याण्णव पानं, एकोणीस प्रकरणं, त्रेसष्ट तळटीपा, एक नकाशा आणि दोन आलेख. कादंबरीत आलेख कशाला, असं फोंड्याच्या छापखान्यातल्या निलेशने विचारलं होतं. एक भरती-ओहोटीचा आहे आणि एक चंद्राचा, असं मी सांगितल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही.

‘दारू’ हा शब्द दोनशे चौदा वेळा आला होता. हे मी नंतर मोजलं. आधी मोजलं असतं तरी उपयोग झाला नसता, कारण चूक संख्येत नव्हती.

पुस्तकाचं नाव ‘काळी पूड’. लेखिका मी, गौरवी, राहणार धारगळ, शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी., नोकरी डिचोलीजवळच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत. गोळीत जे असायला हवं ते आहे का आणि जे नको ते नाही ना, एवढंच मी दिवसभर बघते. या सवयीमुळे ऐतिहासिक कादंबऱ्या माझ्याच्याने वाचवत नाहीत. कुणाच्या तरी स्वातंत्र्यलढ्यात प्लास्टिकची बादली निघते. आणि बायका तर लढ्यात एकच काम करतात: दारात कंदील धरून उभ्या राहतात. पुरुष जातो, बाई कंदील धरते, प्रकरण संपतं. कंदिलात रॉकेल कुणी भरलं, हेसुद्धा कुणी लिहीत नाही. माझी बाई कंदील धरणार नाही, असं मी ठरवलं. प्रस्तावनेत एक वाक्य जाड ठशात छापून घेतलं: ‘या कादंबरीतील प्रत्येक मोजमाप तपासलेले आहे.’

माझी बाई म्हणजे पालयेच्या देवकीआजी. वय अठ्ठ्याऐंशी. माझ्यासोबत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुविधाची ती आजेसासू. कारखान्याच्या बसमध्ये सुविधा एकदा सहज म्हणाली, “आमची आजी पोर्तुगिजांच्या वेळी दारू न्यायची, पलीकडे.” मी उरलेला प्रवास उभ्याने केला, बसायची जागा असूनही.

मग तीन बैठका झाल्या, मिळून चार तास वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. गोवा मुक्त होण्याआधीची शेवटची सहा-सात वर्षं. सीमा बंद. किरणपाणीच्या धक्क्यावरून होडीने तेरेखोल नदी ओलांडायची की समोर आरोंदा, म्हणजे भारत. सात बायका. कमरेला, लुगड्याखाली, बांधून न्यायचं. काय न्यायचं? रेकॉर्डिंगमध्ये आजींचा आवाज स्पष्ट आहे: “आम्ही दारू नेत होतो.”

आता मराठी वाचक हसेल. पण मी गोव्यात वाढले. आमच्याकडे पितात तो सोरो. दारू म्हणजे जत्रेतलं दारूकाम, खाणीतल्या सुरुंगाची दारू. जे पेटतं ते. आणि लढ्याच्या दिवसांत कमरेला बांधून सीमेवर नेलेली दारू पेटणारीच असणार, याबद्दल मला एवढी खात्री होती की मी एकदाही विचारलं नाही. सत्तेचाळीस प्रश्न मात्र विचारले. ते परिशिष्टात आहेत.

प्रकाशन रविवारी सकाळी साडेदहाला, पेडण्याच्या एका वाचनालयाच्या सभागृहात. पहिल्या रांगेत देवकीआजी, त्यांचा सत्कार. निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं: ‘स्फोटकं, सीमा आणि एका सखीच्या विश्वासघाताची थरारक कहाणी.’ त्यातला ‘थरारक’ निलेशचा. विश्वासघात माझा.

बुधवारी संध्याकाळी मी पहिली प्रत घेऊन पालयेला गेले. आजी सोप्यावर बसून चिंचेतले चिंचोके काढत होत्या. सुविधाने पुस्तक उघडलं आणि माझ्या आग्रहाने सातवं प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं. अमावास्येची रात्र, चौदा नोव्हेंबर एकोणीसशे पंचावन्न. एकवीस बायका काळोखात धक्क्याकडे निघाल्या आहेत.

“कितक्या?” आजींनी विचारलं.

“एकवीस,” मी म्हटलं.

“सात गो. मी तुला सात सांगितलं होतं.”

“हो आजी. पण सात जणींच्या दारूत पूल उडत नाही.”

आजींचा हात थांबला. “कसलो पूल?”

मी समजावून सांगितलं. एका बाईकडे चार किलो पूड धरली, तर सात बायकांची अठ्ठावीस किलो. तेवढ्याने दगडी कमानीचा पूल पडत नाही, हे मी दोन पद्धतींनी काढलं होतं. एकवीस बायका घेतल्या की जेमतेम पडतो. थोडक्यात, गणित जुळावं म्हणून मी इतिहासात चौदा बायका घातल्या होत्या. सांगताना मला यात काही वावगं वाटलं नाही, उलट थोडा अभिमानच वाटला.

आजींनी सुविधाकडे पाहिलं. “आणि ही अमाशेक खंय चल्ली?”

“चंद्र तपासलाय आजी. त्या दिवशी खरंच अमावास्या होती.”

“नोव्हेंबरातली अमास? ती दिवाळेची मगे.”

सुविधाने फोनवर पाहिलं. “खरंच गं. लक्ष्मीपूजन.”

“दिवाळेक पोरांक घराक सोडून ओझां घेवन कोण जायत?” आजींची मराठी आता सुटली आणि त्या आपल्या बोलीवर आल्या. “आणि रातचां? रातचो पाखलो गोळी घालता. दिसाक नुसतो हसता. आमी सकाळची पेज जेवन नव वाजता जाय होतांव. उजेडात, सगळ्यांच्या देखत.”

पाखलो म्हणजे पोर्तुगीज शिपाई. तो हसायचा, ही माहिती माझ्याकडे होती. ती मी त्याच्या क्रौर्याच्या परिच्छेदात वापरली होती.

सुविधा पुढे वाचू लागली. “तिने चिमूटभर काळी पूड जिभेच्या टोकावर ठेवली. सोराखाराचा गार, खारट स्पर्श झाला आणि तिने मान डोलावली. माल चोख होता.”

“काळी?” आजी म्हणाल्या. “काळी खंयची? पाण्यासारकी पांढरी. काजूची.”

चिंचेवर एक माशी फिरत होती.

“काजूची,” मी म्हटलं.

“माडाची चड बरी. पण ती आमकां खंय गावता?”

“आजी, तुम्ही... सोरो न्यायचात?”

“मगे! पलीकडे दारूबंदी. थंय घोटासाठी जीव टाकी होते लोक.”

“मग तुम्ही सोरो का नाही म्हणालात?”

“तू मशिनात रेकॉर्ड करी होतंस मां?” आजी म्हणाल्या. “मशिनात सोरो कसो म्हणूचो? बरां दिसता? म्हणून शुद्ध मराठीत सांगलंय.”

सुविधा हसायला लागली. ती इतकी हसली की तिला पुस्तक खाली ठेवावं लागलं, आणि मग तोंडाला पदर लावून ती आत जाऊन पाणी पिऊन आली आणि परत हसली. मी चार तास वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आठवत होते.

आजींनी सांगितलं होतं, उन्हात तापली की वास यायचा. त्यावर मी तळटीप दिली होती की अशुद्ध गंधकाला वास येतो. त्यांनी सांगितलं होतं, कधीकधी गळायची. मी लिहिलं, पूड कापडाच्या विणीतून झिरपत असे. न्यायच्या आधी चाखून बघायचे, असं त्या म्हणाल्या. त्यावर मी सोराखाराच्या चवीविषयी दीड पान लिहिलं. पाखल्याला थोडी दिली की सोडायचा, असं त्यांनी तिसऱ्या बैठकीत दोनदा सांगितलं. ही तळटीप एकतिसावी: शिपाई ती पूड रानडुकराच्या शिकारीसाठी वापरत असावेत. ‘असावेत’ हा शब्द घातल्यामुळे मी काटेकोर राहिले, असं मला तेव्हा वाटलं होतं. प्रयोगशाळेत चार वाचनं एका बाजूला गेली तर आम्ही गृहीतक टाकून देतो. इथे मी वाचनांना तळटीपा लावल्या.

“बरां लिवलंस,” आजी मला धीर देत म्हणाल्या. “खोटां आसा, पण बरां आसा. वाच गो फुडे.”

सुविधा डोळे पुसत पानं उलटू लागली आणि बाराव्या प्रकरणाचं नाव तिने वाचलं, “वत्सला फुटली.”

मी म्हटलं, “हे मात्र तुमचंच वाक्य आहे आजी. जसंच्या तसं. ‘तिथं वत्सला फुटली. त्या दिवसापासून आम्ही सगळ्या बंद.’”

“फुटली मगे. धक्क्याच्या पायरेर पाय सरकलो आणि फुटली. भळभळ गेली सगळी. धक्कोभर वास.”

मला कळायला किती वेळ लागला ते मी मोजलेलं नाही.

मोटारीच्या चाकातली ट्यूब कापून, एक तोंड सुतळीने बांधून, तीत सोरो भरायचा, दुसरं तोंड बांधायचं आणि ती कमरेला गुंडाळून वर लुगडं नेसायचं. सगळ्या जणी सातव्या महिन्यातल्या दिसायच्या. म्हणून पाखलो हसायचा. एखादीची ट्यूब फुटली तर या बायका ट्यूबचं नाव घेत नसत. ‘आज कोण फुटली?’ असं विचारत.

“तू काय लिवलंस?” आजींनी विचारलं.

सुविधाचं हसू ओसरलं होतं. तिने पान एकशे एकतीसवरचं वाक्य वाचलं, पहिल्यापेक्षा बरंच हळू. “त्या दुपारी वत्सलेने चौकीतल्या अधिकाऱ्यापुढे एकामागून एक सहा नावं सांगितली.”

आजींनी चिंचेची परात बाजूला सरकवली.

“सहा नावां. त्यातला एक माजां?”

“हो.”

“मगे मिया हय कशी बसलंय?”

सहा नावं सांगितली असती तर सहा जणी पकडल्या गेल्या असत्या. एकही गेली नाही. हे रेकॉर्डिंगमध्येही होतं. मी ते आजींच्या चपळाईच्या खात्यात टाकलं होतं.

“तीन म्हयने ठेवली तिका,” आजी म्हणाल्या. “हात मोडलो. नाव एक काडूक नाय. आणि चौकेतल्या पाखल्याक सोरयाचां काय पडलां नव्हतां. सोरो तोच पिय होतो.”

“मग काय हवं होतं त्याला?”

“कागद.”

“कसले कागद?”

“येताना ट्यूब रिकामी. रिकामी कित्याक हाडूची? आत कागद भरून हाडी होतांव. सोरयाच्या घाणीत कोण नाक घालता? पलीकडचो मास्तर देय, हयचो पोदेर पावाच्या टोपलेतसून वाटी.”

“त्या कागदांवर काय असायचं?”

“माका वाचूक येता?”

“आजी, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तू इचारलंस खंय?” आजी म्हणाल्या. “तुजा आपला दारू, दारू, दारू. आणि कागदाक वजन नाय. ओझां सोरयाचां.”

सत्तेचाळीस प्रश्न मी मनात परत वाचले. ‘जाताना’ या शब्दाने सुरू होणारे एकवीस होते. ‘येताना’ या शब्दाने एकही नव्हता.

आजींनी विचारलं, “आयतवारी धाकू येतलो मां?”

धाकू म्हणजे वत्सलेचा मुलगा. वत्सला वारून पंचवीस वर्षं झाली. हा त्याच गावात, तीन घरं सोडून राहतो. निमंत्रण त्याला मीच पाठवलं होतं. दुसऱ्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती, वर नावाची चिठ्ठी चिकटवून.

“त्या आदी तू तेका जावन सांग,” आजी म्हणाल्या. “मिया सांगूचंय नाय. लिवलंस तू.”

मी बसस्टॉपवरूनच निलेशला फोन केला.

“शुद्धिपत्र लावायचं आहे,” मी म्हटलं.

“होतं की. सगळ्यांचं होतं. किती चुका?”

“दोन.”

“दोनच? छोटी पट्टी चिकटवू. पान सांग.”

“अकरा ते एकशे अठ्ठ्याऐंशी.”

पलीकडे छापखान्याचा आवाज येत होता. “म्हणजे पुठ्ठा बरोबर आहे?” निलेशने विचारलं.

“पुठ्ठ्यावर स्फोट आहे.”

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “हे बघ, ही कादंबरी आहे. नाव बदल. वत्सलेची विमला कर. पुढच्या आवृत्तीत बदलू, आणि रविवारी त्या काकांना सांगायचं की हे सगळं काल्पनिक आहे.”

खरं सांगायचं तर हा मार्ग मला रात्रभर बरा वाटला. सकाळी बसमध्ये मी मोजलं: वत्सला एकसष्ट वेळा आली होती. एकसष्ट ठिकाणी विमला घालणं अवघड नव्हतं. पण पालयेत सात घरांना ठाऊक होतं की धक्क्यावर कोण फुटली. आणि त्या सातांपैकी कुणीच कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, तर माझ्या विमलेने तरी ती का सांगावीत? केवळ बाराव्या प्रकरणात काहीतरी घडायला हवं होतं म्हणून. कंदील धरणारी बाई मला नको होती, आणि तिच्या जागी मी नावं सांगणारी बाई उभी केली होती. त्यापेक्षा कंदील पुष्कळ बरा.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी धाकूकाकांकडे गेले. ते अंगणात नारळ सोलत होते. वय चौऱ्याहत्तर, किरणपाणी-आरोंदा फेरीबोटीवरून निवृत्त. मी बसले आणि पान क्रमांकांसकट सगळं सांगितलं. दारू, सोरो, ट्यूब, फुटणे या क्रियापदाचे दोन अर्थ. क्रियापदाबद्दल मी जरा जास्तच बोलले. त्यांनी मध्ये तोडलं नाही. एक नारळ मात्र त्यांनी लोखंडी सुळ्यावर तसाच खोचून ठेवला.

“आमकां सांगलेलां मामाकडे गेली,” शेवटी ते म्हणाले. “मिया सहा वर्सांचो. तीन म्हयने मामाकडे. आयली तेवां हात वाकडो. माडाचां झाप पडलां म्हणाली. मगे जल्मभर डाव्या हातान पीठ मळी.” मग त्यांनी विचारलं, “पाय खंयच्या पायरेर सरकलो?”

“आजी म्हणाल्या, खालून तिसऱ्या.”

“तिसरी उगडी म्हणजे ओहोटी. शेवाळ थंयच धरता.” ते धक्क्याच्या दिशेने बघत होते, मध्ये शेजाऱ्याचं घर होतं, धक्का दिसत नव्हता. “तीस वर्सां दोरी घेवन थंयच उबो होतंय मिया. लोकांक सांगी होतंय, जपून, हय सरकता.”

मी म्हटलं, “काका, माझी चूक झाली. छापलंय ते मी बाहेर काढणार नाही.”

“तां मगे बघूया.” त्यांनी सुळ्यावरचा नारळ काढला आणि बाजूला ठेवला. “कितकी होती?”

“काय?”

“आवशीच्या कमराक. फुटली तेवां. कितकी होती?”

काळ्या पुडीचं मी वजन, घनता, ज्वलनाचा वेग आणि ऊर्जा सांगू शकले असते. “आजी म्हणतात, एक ट्यूब,” मी म्हटलं.

“एक ट्यूब म्हणजे कितकी?”

“मोजून सांगते,” मी म्हणाले. या पुस्तकाच्या तीन वर्षांच्या कामात हे वाक्य मी पहिल्यांदाच योग्य जागी वापरलं.

शनिवारी प्रकाशन रद्द झाल्याचा निरोप गेला. कारण दिलं, ‘तांत्रिक अडचण.’ धारगळला हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे मी ट्यूब मागितली.

“कसल्या गाडीची?” त्याने विचारलं.

“एकोणीसशे सत्तावनच्या.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या स्कूटरकडे. “बाई, आता गाड्यांना ट्यूब नसते. टेम्पोची जुनी आहे एक. चार ठिगळं आहेत. कशाला हवी?”

“आत पाणी भरून कमरेला बांधायची आहे.”

“योगा?”

“इतिहास,” मी म्हटलं. त्याने पैसे घेतले नाहीत. घाबरला असावा. (हा ‘असावा’ अंदाज आहे.)

रविवारी साडेदहाला, ज्या वेळी सभागृहात दीपप्रज्वलन व्हायचं होतं, त्या वेळी आम्ही चौघं देवकीआजींच्या अंगणात होतो: आजी, सुविधा, धाकूकाका आणि मी. सोप्यावर ‘काळी पूड’ची पहिली प्रत चिंचेच्या परातीवर झाकण म्हणून ठेवली होती. त्या आकाराला ती बरोबर बसत होती.

आजींनी ट्यूब बोटांनी दाबून पाहिली. “हय रबर जाड आसा. आमचां पातळ होतां.” मग कोपरापासून मधल्या बोटापर्यंत दोन हात मोजून त्यांनी खूण केली आणि मी तिथे कापली. एका तोंडाला त्यांनी स्वतः सुतळी बांधली.

मी नरसाळ्याने पाणी भरायला लागले. ट्यूब टम्म होईपर्यंत.

“पुरी भरू नको गो चेडवा! पोटाक बसाक होयी. टम्म भरली की चलताना उसळता, आणि उसळली की फुटता.” त्यांनी थोडं पाणी अळवाच्या मुळात ओतलं, तळहाताने ट्यूब चापटून पाहिली, आणखी एक ओंजळभर ओतलं. “हां. आता बांध.”

त्यांनी ती माझ्या कमरेला बांधली, सुविधाने वरून ओढणी गुंडाळली. मी चार पावलं टाकली आणि ट्यूब डावीकडे गेली, मी उजवीकडे. आजी कपाळाला हात लावून हसल्या. “पाखलो हिका बघून मेलो असतो.” सुविधाने फोटो काढला. कारखान्याच्या ग्रुपवर टाकणार नाही, असं ती म्हणाली. सोमवारी तो सगळ्यांनी पाहिलेला होता. अंगणाच्या टोकापर्यंत बावन्न पावलं होती आणि परत येईपर्यंत माझी पाठ भरून आली. धक्का तिथून सव्वातीन किलोमीटर.

“आठवड्याक तीन खेपो,” आजी म्हणाल्या. “तीन वर्सां. पूल उडयण्यापेक्षा कठीण, चेडवा. पूल एकदाच उडयतत.”

धाकूकाका हसले नव्हते. त्यांनी हात पुढे केले. मी ट्यूब सोडून त्यांच्या हातांवर ठेवली. त्यांनी ती मांडीवर घेतली नाही, उभ्यानेच धरून ठेवली, दोन्ही हात खाली, बोटं एकमेकांत अडकवून. बराच वेळ. पाणी आत एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं की ते थोडे हलायचे.

“ह्यां घेवन ती पायऱ्यो उतरी,” ते म्हणाले.

“उतरी,” आजी म्हणाल्या. “सगळ्यांच्या आदी. आमी भियेव, ती फुडे.”

मग त्यांनी ट्यूब माझ्याकडे परत दिली. “मोज.”

एक लिटरचा अंशांकित नळा मी प्रयोगशाळेतून सही करून आणला होता. हेतूच्या रकान्यात ‘इतर’ लिहिलं होतं. सुतळी सोडली, आजींनी तोंड चिमटीत धरलं आणि मी नळ्यात ओतत गेले. धाकूकाका माझ्या बाजूला उकिडवे बसून पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीत आणून बघत होते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ट्यूब रिकामी झाली की आजी ती पुन्हा आपल्या अंदाजाने भरायच्या, चापटून पाहायच्या, ओंजळभर कमी करायच्या, आणि आम्ही पुन्हा मोजायचो. आकडे सुविधाने निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून घेतले.

पहिलं वाचन सहा लिटर तीनशे वीस मिलिलिटर. दुसरं सहा लिटर तीनशे पन्नास. तिसरं सहा लिटर तीनशे चाळीस.

सरासरी सहा लिटर तीनशे सदतीस मिलिलिटर.